सायलेन्सर मॅनिफोल्डचा तुटलेला स्टड घरच्या घरी कसा काढायचा : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

सकाळी थंड गाडी चालू केली की बॉनेटखालून टिक् टिक् टिक् आवाज येतोय आणि इंजिन तापलं की आवाज कमी होतोय किंवा गायबच होतोय, असं असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेटिंगवर पैसे घालवायच्या आधी एकदा सायलेन्सर मॅनिफोल्ड बघा, म्हणजे सगळ्या सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाईपात सोडणारा भाग. स्टड तुटला की मॅनिफोल्ड त्या जागी हेडपासून (इंजिनचा वरचा भाग) केसभर सुटतो, तिथून गॅस फुस्स करून बाहेर पडतो, आणि लोखंड तापून फुगलं की फट बुजते म्हणून आवाज बंद. टॅपेटचा आवाज असा तापल्यावर मुकाट बसत नाही सहसा.

आधी एवढं सांगतो की स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, दोन्ही टोकांना आटे, एक टोक हेडमध्ये कायमचं बसवलेलं आणि दुसऱ्या टोकावर मॅनिफोल्ड घालून नट आवळलेला. बऱ्याच लहान गाड्यांत हा एम८ बाय १.२५ असतोय, म्हणजे ८ मिलीमीटर जाडी आणि एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत सव्वा मिलीमीटर. काही गाड्यांत एम१० असतो आणि त्यात १.२५ आणि १.५ असे दोन प्रकार येतात, म्हणून नवीन स्टड आणताना जुना तुकडा किंवा शेजारचा नट खिशात घालूनच दुकानात जा, अंदाजाने आणू नका.

कुठला तुटलाय ते उजेडाची हातबॅटरी लावून बघा. मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर जिथं काळी काजळी पसरलीय तिथंच गळतंय. खालच्या बाजूचे नट दिसत नाहीत, मोबाईलचा कॅमेरा आत घालून व्हिडिओ काढा, आरशापेक्षा ते सोपं जातं. बहुतेक वेळा टोकाचा तुटलेला सापडेल, एक नंबर सिलिंडरचा नाहीतर शेवटचा. त्याचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं काम नीट होतंय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मॅनिफोल्ड बऱ्याचदा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. समजा मॅनिफोल्ड ४० सेंटीमीटर लांब आहे आणि चढावर लोड घेऊन गाडी ओढताना तो ५०० डिग्रीने तापला, तर तो साधारण २ मिलीमीटर लांब होतो. हेडमध्ये पाणी फिरत असतंय म्हणून ते ८०-९० डिग्रीपेक्षा फार वाढत नाही, तेवढ्याच लांबीत ते पाऊण मिलीमीटर वाढेल. म्हणजे दोघांत सव्वा-दीड मिलीमीटरचा फरक, आणि तो सगळा टोकाच्या स्टडांवर निघतो, रोज, गाडी तापली की एकदा आणि निवली की एकदा. म्हणूनच मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात, त्याला सरकायला जागा पाहिजे. कुणीतरी न्यूमॅटिक गनने नट करकचून आवळले की सरकायचं बंद आणि स्टड वाकायला सुरू. चोर्ला घाट नाहीतर आंबोली रोज चढणाऱ्या गाड्यांना हे लवकर होतंय. त्यात आपला पाऊस, खानापूरकडं तर चार महिने गाडी वाळतच नाही, आणि गोव्यातनं स्वस्तात आणलेली जुनी गाडी असेल तर खारी हवा खाऊन नट-स्टड एकजीव झालेले असतात.

आता या कामातला खरा प्रश्न, जो नवीन माणूस विचारतच नाही आणि थेट ड्रिल हातात घेतो: स्टड तुटला कधी? गाडी चालता चालता आपोआप तुटलाय, की तुम्ही नट सोडवताना पान्याखाली कट्ट करून तुटलाय? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चालता चालता तुटलेला स्टड वाकून वाकून दमून तुटतो, आत राहिलेला तुकडा आट्यात जाम असेलच असं नाही, कधी कधी तो टोकदार पंचाने टकटक करून फिरवला तरी बाहेर येतो. पान्याखाली तुटला म्हणजे आटे गंजून धरलेत, एवढे की ८ मिलीमीटरचं लोखंड पिळून तुटलं पण आटे हलले नाहीत. अशा ठिकाणी नुसत्या जोराला जोर देऊन काही मिळणार नाही, उष्णता लागणार. पण एक आहे, पान्याखाली तुटताना कधी फक्त नटच स्टडला धरलेला असतो आणि हेडमधले आटे चांगले असतात, म्हणून शेजारचे स्टड कसे सुटतायत त्यावरनं अंदाज घ्या.

दुसरी गोष्ट मनात पक्की करा. स्टड ही किरकोळ वस्तू आहे, हेडमधले आटे महाग आहेत. स्टड कापा, जाळा, भुगा करा, काही बिघडत नाही, हेडच्या आट्याला धक्का लागेल असं कुठलंही काम शेवटाला ठेवायचं.

सुरू करण्याआधी

गाडी एक रात्र थंड होऊ द्या. सपाट जागेवर, चाकांना मागे-पुढे दगड किंवा लाकडी ओंडके लावून, बॅटरीचा निगेटिव्ह काढून. खाली शिरायचं असेल तर जॅकच्या भरवशावर अजिबात शिरू नका, स्टँड लावा, सिमेंटच्या विटांची थप्पी म्हणजे स्टँड नव्हे, त्या अचानक फुटतात. चष्मा पाहिजेच, वरून गंजाचे कण थेट डोळ्यात पडतात आणि ते डोळ्यातच गंजतात. आणि गळका मॅनिफोल्ड घेऊन डिसेंबरच्या थंडीत काचा लावून गाडी चालवत असाल तर ते आजच बंद करा, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, डोकं जड होऊन झोप येते एवढंच कळतं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गळती शोधत बसणं पण नको.

सामान: रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट), सहा कोनांच्या घ्या, बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे मारते. व्हाईस ग्रिप (धरल्यावर जाम होणारी पक्कड), चांगला सेंटर पंच, तारेचा ब्रश, गंज सोडवायचं ऑईल, छोटा ब्यूटेन टॉर्च (गॅसच्या ज्योतीचा), एक मेणबत्ती, ड्रिल मशीन ज्याचा स्पीड कमी-जास्त होतो आणि उलटं फिरतं, ३ पासून साडेसहापर्यंतचे आणि एक ६.८ चा असे एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल, एम८ बाय १.२५ चा टॅप सेट, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. टॅपचा सेट तीन नगांचा येतो, टेपर, सेकंड आणि बॉटम, तिन्ही घ्या. ड्रिल आणि टॅप मात्र मिरांडा, ॲडिसन, टोटेम असल्या नावाचेच घ्या, आठवडी बाजारातला एका पिशवीत वीस ड्रिलवाला सेट लाकडाला ठीक आहे. नवीन स्टड, नवीन नट आणि नवीन पॅकिंग (गॅस्केट) आधीच आणून ठेवा. जुनं पॅकिंग परत घालायचं नाही.

ऑईल मारायचं काम आदल्या दिवसापासून. तारेच्या ब्रशने आट्यांवरचा गंज घासा, मग ऑईल, पान्याच्या टोकानं हलके ठोके, परत ऑईल, रात्रभर सोडून द्या, सकाळी परत. डब्ल्यूडी-४० चालतं पण रोस्ट ऑफसारखी खास त्याच कामाची ऑइलं जास्त आत शिरतात. काही मेकॅनिक ऑटोमॅटिक गिअरचं ऑईल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून वापरतात, ते काम करतंय पण ॲसिटोन पेट्रोलसारखं पेटतं, टॉर्च लावायच्या दिवशी ते जवळपास नको. ऑईल मारलेल्या जागेवर थेट ज्योत धरायच्या आधी पुसून घ्या, आणि पाण्याची बादली नको, एबीसी पावडरचा छोटा फायर सिलिंडर हाताशी ठेवा.

बाकीचे नट सोडवताना

एक तुटलाय म्हणून बाकीचे सोडवताना अजून दोन तोडून बसू नका, नवख्यांचं काम तिथंच वाढतं. नट एका दमात उलटा फिरवायचा नाही. आधी किंचित आवळायच्या दिशेने, अगदी थोडा, कट् असा आवाज आला की उलटा अर्धा फेरा, परत पाव फेरा सुलटा, परत उलटा, मधे मधे ऑईल. पाना रबरासारखा लवचिक लागायला लागला, म्हणजे हात फिरतोय पण नट फिरत नाही, की तिथंच थांबा. स्टड पिळला जातोय. टॉर्चने नट तापवा, नट लाल झाला तरी चालतंय, ज्योत हेडकडं जाऊ देऊ नका, आणि गरम असतानाच मेणबत्तीचं टोक आट्याला लावा, मेण वितळून आत शोषलं जातं. तेवढ्यानं बरेच सुटतात. नाहीच सुटला तर नट कापा, ग्राइंडरने किंवा छन्नीने एका बाजूनं चिरला की तो उघडतो आणि स्टड शाबूत राहतो.

ऑक्सिजन सेन्सरची वायर आधी सोडवा, मॅनिफोल्ड त्या वायरवर लोंबकळायला नको. डिझेल टर्बो गाडी असेल तर टर्बो मॅनिफोल्डलाच लटकलेला असतोय, त्याला ऑईलची एक बारीक लाईन येते आणि एक जाड परत जाते, दोन्ही सोडवून तोंडं कापडानं बांधा, आत कचरा गेला तर टर्बो गेला. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच करत असाल आणि गाडी टर्बो डिझेल असेल तर कुणीतरी जाणकार शेजारी उभा ठेवा.

मॅनिफोल्ड निघाला की तुटलेला स्टड नीट बघायला मिळतो. इथून तीन वाटा.

बाहेर तुकडा उरलाय

८-१० मिलीमीटर तरी बाहेर असेल आणि आटे बरे असतील तर दोन नट चढवा, एकमेकांवर आवळून जाम करा आणि आतल्या नटाला पाना लावून उलटं फिरवा. आटे खराब असतील तर व्हाईस ग्रिप, पण ग्रिप लावायच्या आधी स्टडला दोन बाजूंनी कानसाने सपाट करा, गोल लोखंडावर ग्रिप घसरते आणि घसरली की स्टड गुळगुळीत होतो, मग पुढच्या वेळी अजून घसरते. इथंही मागं-पुढं, मागं-पुढं.

हालत नसेल तर उष्णता. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून हेडचा तो भाग तापवला की भोक स्टडपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सुटते. पण ॲल्युमिनियम लाल होत नाही, ते सांगत नाही, शुद्ध ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला आणि हेडचं मिश्र ॲल्युमिनियम त्याच्याही आधी सरळ वितळून खाली पडतं. त्यामुळे ज्योत एका जागी धरायची नाही, फिरवत ठेवायची, आणि पाण्याचा थेंब टाकला की चर्रर करून नाचत उडाला एवढं तापमान भरपूर झालं. गरम हेडवर पाणी ओतून थंड करायचं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तडा जाईल. मेण इथंही लावा. बेळगावच्या उद्यमबागेतला एक म्हातारा लेथवाला, कानडी माणूस, कुठलाही जाम बोल्ट बघितला की एकच वाक्य बोलतो, स्वल्प बिसी माड्रि, म्हणजे जरा गरम करा, आणि बहुतेक वेळा तेवढंच लागतंय.

एक सावधानता, काही इंजिनांत एखाद्या स्टडचं भोक आरपार जाऊन कूलंटच्या पाण्यात उघडतं. स्टड काढल्यावर हिरवं-लाल पाणी गळायला लागलं तर घाबरू नका, हेड फुटलेलं नाही, फक्त तिथं नवीन स्टड बसवताना आट्याला सीलंट लावायचं लक्षात ठेवा आणि कूलंट परत भरा.

सपाट तुटलाय किंवा जरासा आत

इथं माझं मत स्पष्ट आहे, जाम स्टड असेल तर वेल्डिंग. तुटलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरायचं, नट आणि स्टड एक होतात. लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही त्यामुळे हेडच्या आट्यांना ते धरत नाही, आणि नट चिकटण्यापेक्षा मोठा फायदा म्हणजे स्टड आतून लालबुंद होतो, गंजाची पकड फुटते. सीओटू (मिग) वेल्डिंग सगळ्यात बरं, वायर बारीक असते, नेमकं मधे लागतं. साध्या आर्क मशीनने अडीचच्या रॉडनेही होतं पण हात बसलेला पाहिजे. हेड बिडाचं असेल, जुन्या डिझेल इंजिनांत असतंय, तर मात्र वेल्डिंग कडेला चिकटू शकतं, तिथं जपून.

घरी मशीन नसेल तर वेल्डरला घरी बोलवा. आपल्याकडं ट्रॉली, नांगर, उसाच्या गाड्या वेल्ड करणारा माणूस प्रत्येक गावात आहे, त्याला फक्त तीन गोष्टी तुम्ही सांगायच्या. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढलेल्या आहेत ना बघायचं, अर्थिंगचा चिमटा हेडलाच, कामाच्या जवळ लावायचा, बॉडीला कुठंतरी लांब नको, नाहीतर करंट बेअरिंग आणि ईसीयूमधून (इंजिनचा कॉम्प्युटर) वाट शोधतो. चकचकीत झिंकवाला नट वापरायचा नाही, त्याचा पांढरा धूर छातीला वाईट, काळा साधा नट घ्यायचा. आणि जागा साफ करायला ब्रेक क्लीनर मारायचा नाही, काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असतंय आणि ते वेल्डिंगच्या उष्णतेत फॉस्जीन नावाचा विषारी गॅस करतं. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासा, बस झालं.

वेल्डिंग झाल्या झाल्या फिरवायची घाई नको. लाली जाऊ द्या, मेण लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग पान्याने हळूच दोन्हीकडं हलवा. नट तुटून हातात येईल, येतोच, परत दुसरा नट, परत वेल्डिंग. प्रत्येक वेळच्या उष्णतेने आतली पकड अजून ढिली होत जाते, त्यामुळे चौथा-पाचवा नट लागला म्हणजे काम फसलं असं समजू नका. थोडा आत तुटलेला असेल तर आधी वेल्डिंगचा थर चढवून टोक बाहेर आणायचं, मग वायसर, मग नट.

खोल तुटलाय, ड्रिलशिवाय गत्यंतर नाही

इथं सगळा खेळ मध्याचा आहे. एम८ स्टडचा मध्य १ मिलीमीटर जरी चुकला तरी साडेसहाच्या ड्रिलला एका बाजूने हेडचे आटे कापले जातात. आणि तुटलेलं तोंड खडबडीत, तिरकं असतं, ड्रिल उतारावरनं घसरून मऊ ॲल्युमिनियमकडं पळतो. म्हणून आधी तोंड सपाट करा, छोट्या ग्राइंडिंग पॉइंटने.

मग बुश, म्हणजे ड्रिलला मध्य दाखवणारी भोकाची नळी. हा भाग लई कामाचा आहे आणि आपल्या भागात तो जितका सोपा आहे तितका फार कमी ठिकाणी असेल. बेळगावात फाउंड्री आणि मशीनिंगची एवढी युनिट आहेत, उद्यमबाग, मच्छे, कुठल्याही गल्लीत लेथ सापडतो. निपाणी-चिकोडीकडच्यांना कागल, गोकुळ शिरगाव पण जवळ पडतं. मॅनिफोल्डच्या भोकाचं माप व्हर्नियरने घेऊन जा आणि लेथवाल्याला सांगा, या भोकात घट्ट सरकेल असा बाहेरचा व्यास, मधोमध ३ मिलीमीटरचं भोक, लांबी २०-२५ मिलीमीटर. त्याला ते चहा प्यायच्या वेळेचं काम आहे. घरी येऊन मॅनिफोल्ड परत जागेवर बसवा. त्याची भोकं स्टडपेक्षा मोठी असल्यामुळे तो थोडा इकडं-तिकडं होतो, तर सगळ्या स्टडभोवतीची फट सारखी करून घ्या आणि मगच नट आवळा. मग तुटलेल्या स्टडच्या भोकात बुश घाला आणि बुशमधून ड्रिल मारा. ड्रिल आपोआप मध्यावर आणि सरळ जातो, हात थरथरला तरी. हेड गाडीवरच असेल आणि मॅनिफोल्ड लावून ड्रिल मशीन आत मावत नसेल तर जाडसर पट्टीला दोन भोकं पाडून, एक शेजारच्या स्टडवर अडकवायला आणि एक बुशला, अशी जिग करून घ्या.

स्पीड कमी, दाब जास्त, कटिंग ऑईल नसेल तर साधं इंजिन ऑईल. ड्रिल चकाकत राहिला आणि चुरा येत नसेल तर लगेच थांबा, घासत राहिलं की स्टडचं तोंड कडक होतं आणि मग काहीच कापत नाही. खोली आधी ठरवा, नवीन स्टड हेडमध्ये किती जातो ते मोजून ड्रिलला तेवढ्यावर टेप गुंडाळा, बुशमधून मारताना बुशची लांबी त्यात मिळवून. त्यापुढं गेलात तर पुढं पाणी नाहीतर पोर्ट (धूर जायची वाट).

३ चं भोक टेपपर्यंत झालं की ४, ५, ६. जमलं तर डाव्या हाताचे ड्रिल मागवा, उलटे फिरून कापणारे, टूलच्या दुकानात नसले तर ऑनलाईन मिळतात. चालता चालता तुटलेला स्टड असेल तर ५ च्या आसपास डावा ड्रिल चावतो आणि तुकडा फिरत फिरत स्वतःच बाहेर येतो, तेवढा आनंद दुसऱ्या कशात नाही.

ईझी-आऊटबद्दल, म्हणजे तुकड्यात पाडलेल्या भोकात घालून उलटं फिरवायचं उलट्या आट्यांचं हत्यार. दुकानदार पहिलं तेच हातात देईल. ढिला तुकडा असेल तर वापरा, चांगलं हत्यार आहे. जाम स्टडमध्ये मात्र विचार करा की ८ मिलीमीटरचा अख्खा स्टड ज्या जोराला तुटला तो जोर ४ मिलीमीटरचा ठिसूळ ईझी-आऊट कसा काढणार. तो आत तुटला की संपलं, एवढं कडक पोलाद एचएसएस ड्रिल कापत नाही, मग हेड उतरवून टूलरूममध्ये स्पार्क इरोजनला (ठिणग्यांनी पोलाद झिजवणारं मशीन) न्यावं लागतं. वापरायचाच तर भोक पाडल्यावर परत तापवून, आणि पाना छोट्या दांडीचा घेऊन, जोर कमीच लागला पाहिजे म्हणून.

भोक साडेसहापर्यंत नेलं आणि मध्य बरोबर असला की स्टडची फक्त पातळ साल उरते. टोकदार सुईसारख्या स्क्रायबरने सालीचं तोंड आत वाकवा, पक्कडने धरून ओढा, स्प्रिंगसारखं वेटोळं निघतं. निघालं नाही तर ६.८ चा ड्रिल, एम८ बाय १.२५ टॅपिंगचं मापच ते आहे, आणि मग टेपर टॅप हातानं सरळ लावून अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. टॅप जुन्या आट्यातच बसला पाहिजे, सुरुवातीचे दोन फेरे बोटांनी गेला तर बरोबर बसलाय. अडखळला तर काढा, साफ करा, परत. टॅपवर जोर केला तर तोही आत तुटतो आणि त्याची गोष्ट ईझी-आऊटसारखीच.

आटे गेलेच तर

तरी हेड फेकायची गरज नाही. हेलिकॉईल म्हणजे स्प्रिंगसारखा स्टीलचा आटा, भोक मोठं करून खास टॅप मारून आत बसवायचा. एम८ ला साधारण ८.३ किंवा ८.४ चा ड्रिल लागतो, किटमध्ये जो सांगितलाय तोच वापरा. कॉईल तोंडापासून पाव-अर्धा फेरा आत उतरवायचा आणि खालची शेपटी तोडून बाहेर काढायची, आत ठेवायची नाही. नीट बसवलेला हेलिकॉईल ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यापेक्षा मजबूत असतोय. भोक फारच वाकडं झालं असेल तर हे घरी करू नका, हेड उतरवून मशीन शॉपला द्या, ते मिलिंगवर मध्य धरून सरळ भोक पाडतात आणि आटेवाला बुश मारून देतात. तिथं थांबण्यात कमीपणा काही नाही.

परत जोडताना

भोकातला चुरा, ऑईल सगळं हवेने उडवा, डोळ्यावर चष्मा ठेवूनच. खाली ऑईल साठलं असेल तर स्टड पूर्ण बसत नाही. हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने साफ करा, ग्राइंडरची तारेची वाटी ॲल्युमिनियमवर नको. मॅनिफोल्डवर सरळ स्टीलपट्टी उभी धरून खालून उजेड येतोय का बघा, बराच उजेड आला म्हणजे मॅनिफोल्ड वाकलाय, त्याला सरफेस ग्राइंडिंगला द्या, नाहीतर वाकडा मॅनिफोल्ड नवीन स्टड परत तोडणार आणि तुम्ही स्टडला शिव्या देत बसणार.

एक तुटला असेल तर बाकीचे पण बदला, तेवढेच दमलेले आहेत, निदान टोकाचे तरी. स्टड कंपनीचेच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट कापून स्टड म्हणून लावला तर तो एवढ्या उष्णतेत ताणून ढिला होतो. हेडमध्ये जाणाऱ्या आट्याला तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) किंचित लावा, साधं ग्रीस जळून जातं आणि साधं थ्रेड-लॉकर (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) पण या गरमीत टिकत नाही. स्टड हाताने शेवटपर्यंत घालून मग जरासा आवळा, मारून मुटकून घट्ट करायचा नाही.

नट आवळायला टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना), उसना आणा पण आणा. एम८ ला बहुतेक २० ते २५ न्यूटन मीटरच्या आसपास असतंय, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्याचा आकडा असेल आणि तुम्ही अँटी-सीझ लावलं असेल तर थोडा कमीच ठेवा. मधल्या नटापासून सुरू करून एकदा डावीकडं एकदा उजवीकडं असं टोकापर्यंत, पहिल्या फेरीत निम्मा टॉर्क, दुसऱ्या फेरीत पूर्ण.

बॅटरी जोडून गाडी चालू करा, बाहेर मोकळ्यावर. पहिली काही मिनिटं अँटी-सीझ आणि ऑईल जळाल्याचा धूर निघेल, तो निघू दे. गळती बघायची तर थंड इंजिनवरच बघा, जोडावर साबणाचं पाणी शिंपडून गाडी लगेच चालू करायची, बुडबुडे आले तर तिथं गळतंय, तापल्यावर पाणी वाळून जातं आणि काही कळत नाही. दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवून पूर्ण निवल्यावर टॉर्क परत एकदा तपासा, पॅकिंग दबून बसतं त्यामुळे एखादा नट किंचित फिरेल. हे फक्त थंड असताना.